घंटी वाजायच्या आत

कॉलेजात माझा तास संपायला दोन मिनिटं उरली की शेवटच्या बाकावरून एक हात वर यायचा. ताठ, कोपरात जराही न वाकलेला. "बाई, घंटी वाजाच्या आंदी एक गोष्ट सांगतो." ती गोष्ट सांगून होण्याआधीच घंटा व्हायची. मुलं दाराकडे पळायची. हा मात्र हात वर ठेवून तसाच उभा, जणू घंटा दुसऱ्याच कुणासाठी झाली आहे.

नातवंडांनो, या माणसाला तुम्ही पाहिलं आहे. तुम्ही लहान असताना सुट्टीत अकोल्याला आला होता, तेव्हा पांढऱ्या शर्टातला एक बुटका माणूस आपल्या ओट्यावर बसला होता. त्यानं पिशवीतली बाटली काढून तुम्हाला घोटभर पाणी दिलं आणि तुम्ही दोघांनी ते लगेच कुंडीत थुंकलं. "हे आमच्या गावचं पानी हाये, पोट्टेहो," तो हसून म्हणाला, "आमी याचाच चहा करतो." तो आपल्याकडचा खासदार होता, हे मी तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याचं नाव इथेही लिहीत नाही. या आठवणीत एकच नाव महत्त्वाचं आहे आणि ते त्याचं नाही.

त्याचं गाव अकोट रस्त्यावर. अकोल्याहून अकोटकडे जाताना पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना काळी, सपाट जमीन लागते. तिच्या पोटात पाणी आहे, पण खारट. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. उन्हाळ्यात गोड पाण्याचे टँकर येतात आणि गाव त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसतं.

त्यामुळे पाणी चाखणं ही त्याची सवय होती. कुणाच्याही घरी गेला की पहिला घोट तोंडात धरून डोळे मिटायचा. मग निकाल द्यायचा, "धरनाचं." किंवा, "बोअरचं. पन धरनाचं म्हनून सांगत असतीन." माझ्याकडचा चहा पिऊन दर वेळी तेच वाक्य: "चहा चांगला हाये बाई. फक्त अळनी हाये."

कॉलेजच्या चाचणीत तो माझ्या हातून इंग्रजीत दोनदा नापास झाला. पुढं सभांमध्ये मी समोर दिसले की माईकवरून सांगायचा, "ह्या बाईनं मले दोनदा नापास केलं म्हनून मी खासदार झालो. पास केलं असतं तं मास्तर झालो असतो." लोक हसायचे. चारचौघांत मी त्याला 'तुम्ही' म्हणत असे. ओट्यावर आला की 'तू'. एकदा त्याच्या कार्यकर्त्यांसमोर चुकून 'तुम्ही बसा' ऐवजी 'बस तिथे' म्हणाले, तर तो आणि त्याच्याबरोबर आलेले सहाही जण खाली बसले.

तो मे महिना मात्र हसण्याचा नव्हता. त्याच्या शेजारच्या गावात टँकरवर भांडण झालं. दोन वस्त्यांतल्या बाया हंडे घेऊन एकमेकींच्या अंगावर गेल्या, एकीचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवसापासून टँकरजवळ बंदोबस्त लागला. बंदोबस्ताला जी होमगार्ड मुलगी पाठवली, ती याच्याच गावची. तिचं नाव सुजाता. वय सव्वीस. आई बेबीताई रोजमजुरीनं शेतात जाणारी, वडील नाहीत. सुजाता पोलीस भरतीचा अभ्यास करत होती.

सकाळी नऊपासून ती उघड्या मैदानात टँकरपाशी उभी होती. अकराच्या सुमारास तिची बाटली संपली. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "तू पे न वो माय दोन घोट." सुजाता म्हणाली, "तुमचं होऊ द्या आंदी. मी पेली तं हे सारे म्हनतीन, राखनदारच पेते." दोन वाजता ती टँकरच्या चाकाशी कोसळली. टँकरमध्ये तेव्हाही पाणी होतं.

हे त्यानंच मला सांगितलं, तिसऱ्या दिवशी भर दुपारी येऊन. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यानं घोट तोंडात धरला नाही, निकालही दिला नाही. पेला हातात धरून बसला.

"कागदावर काय लिहिलं माहीत हाये? हृदयक्रिया बंद. ऊन नाई, पानी नाई, ड्युटी नाई. हृदय तं शेवटी सगळ्याइचंच बंद पडते न बाई."

"मग आता?"

"मी बेबीताईले शब्द देऊन आलो. म्हन्लं, तुह्या लेकीचं नाव दिल्लीत घेतो. तिथं घेतलं का ते छापल्या जाते. मंग कोनाले खोडता येत नाई."

पुढच्या अधिवेशनात हवामान बदलावर चर्चा होती आणि पक्षानं त्याला चार मिनिटं दिली होती. विषयाला राष्ट्रीय सुरक्षा जोडायची, हे त्याचंच डोकं. "नुसतं हवामान म्हन्लं तं लोकं उठून चहाले जातेत. देशाची सुरक्षा म्हन्लं का बसतेत." आणि भाषण इंग्रजीत हवं होतं. इंग्रजीत बोललं की पेपरवाले उचलतात असं कुणीतरी त्याच्या मनात भरवलं होतं.

"म्हनून तुमच्याकडे आलो. आता तरी पास करा."

त्यानं वहीच्या दोन पानांवर स्वतः काहीतरी लिहून आणलं होतं, आपल्या बोलीत. पहिली ओळ सुजाताचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव. खाली एक वाक्य: "देशाची सीमा आता टँकरच्या नळापाशी आली हाये."

मी लाल पेन घेतलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालतो. ते सीमेचं वाक्य मी खोडलं, फार नाटकी वाटलं म्हणून. मग शिकवत आले तसं त्याला शिकवलं. आधी प्रस्तावना, मग मुद्दे क्रमानं, मग उदाहरण, शेवटी समारोप. हिमालयातलं वितळणारं बर्फ आणि तिथल्या चौक्यांवरचे जवान. समुद्रकाठची नौदलाची ठाणी. पिकं गेल्यावर गाव सोडून जाणारी माणसं आणि त्यातून होणारे तंटे. सुजाता सर्वांत शेवटी, कारण सर्वांत चांगलं ते शेवटी ठेवावं.

"पयले तिचं नाव घेऊ द्या न बाई," तो म्हणाला. "नावच घ्याचं हाये मले. बाकी बर्फ दुसरा कोनी सांगीन."

"असं कुणी सुरू करत नाही," मी म्हणाले. "लोक गावंढळ म्हणतील."

त्यानं वहीची पानं माझ्यापुढे सरकवली. 'गावंढळ' हा शब्द मी वापरायला नको होता, हे मला त्याच वेळी कळलं. पण भाषण चांगलं झालं होतं, आणि चांगल्या झालेल्या गोष्टीला हात लावणं माझ्या जिवावर येतं.

आठवडाभर तो ओट्यावर पाठ करत होता. मी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरायची. ग्लेशियर हा शब्द त्याच्या तोंडात काही केल्या बसेना. शेवटी बरोबर चार मिनिटांत सुजातापर्यंत जाऊन तिचं नाव घेऊन तो थांबायला लागला. मी त्याला दहापैकी आठ दिले. त्याला फार आनंद झाला.

चर्चेच्या दिवशी बेबीताई सकाळच्या एसटीनं माझ्याकडे आल्या. त्यांच्याकडे टीव्ही बिघडलेला होता आणि दुसऱ्याच्या घरी बसून हे ऐकणं त्यांना नको होतं. "जयभीम बाई," म्हणत त्या दारात थांबल्या. मी हात धरून आत आणलं. खुर्ची दिली, तर अगदी टोकाला बसल्या. मग पिशवीतून सुजाताचा गणवेशातला फोटो काढला आणि टीव्हीकडे तोंड करून स्टुलावर उभा ठेवला.

"तिलेबी ऐकू द्या," म्हणाल्या.

दुपारी लाईट जाते की काय, याचीच मला धास्ती होती. लाईट गेली नाही. भीती भलतीकडची निघाली. त्याच्या आधीचे वक्ते लांबले आणि त्याची पाळी आली तेव्हा पीठासीन अधिकारी म्हणाले, "दोन मिनिटांत आटपा."

दोन मिनिटं! मी उठून उभी राहिले. सोड रे, सगळं सोड आणि शेवटचा परिच्छेद घे, असं मी टीव्हीला सांगत होते. पण तो माझा विद्यार्थी. पाठ केलेलं मधून उचलायला मी कधी शिकवलंच नव्हतं. तो प्रस्तावनेपासून निघाला. हिमालय झाला, ग्लेशियर अगदी बरोबर म्हणाला, जवान झाले. समुद्राशी आला आणि घंटा वाजली. त्यानं हात वर केला. तोच हात. "वन मिनिट सर," म्हणाला आणि पुढचं घाईघाईनं ओढू लागला. दुसरी घंटा झाली. माईक बंद झाला. पडद्यावर त्याचे ओठ हलत होते आणि आवाज पुढच्या वक्त्याचा येत होता.

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं. "झालं का बाई? घेतलं का नाव? मले इंग्रजी समजत नाई."

मी आयुष्यभर कॉपी पकडली. घरातही तुमच्या बाबाला आणि आत्याला खोटं बोलू दिलं नाही. आणि त्या क्षणी त्या स्टुलावरच्या फोटोकडे पाहत मी म्हणाले, "हो. घेतलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. फोटो पिशवीत घातला. पेलाभर पाणी उभ्यानंच प्यायल्या आणि माझ्याकडे न पाहता एसटीसाठी निघून गेल्या.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "बाई, राहिलं."

"मी पाहिलं. चूक माझी आहे. पण ऐक, मी बेबीताईंना सांगितलं, नाव घेतलं म्हणून."



"तुमी?" तो म्हणाला. "खोटं बोलल्या?" मग म्हणाला, "मंग आता खरं करा लागीन."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. बेबीताईंनी गावभर सांगितलं असेल. कुणीतरी मोबाईलवर ते भाषण काढून दाखवील, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्यात ते नाव नसेल. सकाळी फोन वाजला की आधी मला तेच वाटायचं. मी हिशेब मांडायची, गावात कुणाकुणाला इंग्रजी येतं. मास्तर, नर्सबाई, ग्रामसेवक. मग वाटायचं, इंग्रजी तरी कशाला यायला हवं?

त्यालाही घोर होताच. सभागृहात सकाळच्या प्रश्नोत्तरांनंतर थोडा वेळ असतो. त्यात तातडीचा विषय मांडता येतो, पण त्यासाठी चिठ्ठी निघावी लागते. तो रोज अर्ज द्यायचा आणि मला फोन करायचा. "नाई निघाली." दुसऱ्या दिवशी, "आजबी नाई." ते अधिवेशन संपलं. "गावात कोनी काही विचारत नाई बाई," तो एकदा म्हणाला. "बेबीताई बोलतच नाई त्या गोष्टीवर. मले त्याचंच जास्त भेव वाटते."

दिवाळीनंतर तो ओट्यावर आला तेव्हा सँडलचे पट्टे उघडे होते. पाय सुजले होते. मी विचारलं तर म्हणाला, "दिल्लीचं पानी मानवत नाई." मी रागावून डॉक्टरकडे धाडलं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. खारपाणपट्ट्यात हा आजार घरोघर आहे. आम्ही सगळे त्याला गावचं पाणी सोड म्हणत होतो, पण गावातल्या लोकांसमोर विकतची बाटली तोंडाला लावायची त्याला लाज वाटे. सुजाताबद्दल त्यानं जे सांगितलं होतं, लोकांसमोर पाणी न पिण्याचं, तेच तो स्वतः करत होता. हे मला फार उशिरा दिसलं.

अमरावतीच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. मी एसटीनं भेटायला गेले. त्याचा उजवा हात मशीनला जोडलेला, हलवायचा नव्हता. मला पाहून तो हात वर करायला गेला आणि नर्स ओरडली.

"बाई, ती पानी पाजते मोजून मोजून," तो म्हणाला. "अन् तेबी अळनी."

मी हसले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हिवाळ्यात पुन्हा अर्ज देतो. कसं सुरू करू?"

"नावापासून," मी म्हणाले. "तुला हवं होतं तसं. तुझ्या भाषेत."

"अन् मार्क?"

"मार्क मी नाही देणार."

दोन दिवस मशीन, मग दिल्ली, मग परत मशीन, असं चाललं. घरचे नको म्हणत होते. मीही म्हणायला हवं होतं. मी फोनवर फक्त एवढंच विचारत असे, "चिठ्ठी?"

एका सकाळी त्याची चिठ्ठी निघाली. बेबीताईंना मी कळवलं नाही. काय सांगून बोलावणार होते? एकटीच टीव्हीसमोर बसले. सभागृहात दुसऱ्याच कशावरून तरी रणकंदन चाललं होतं, फलक नाचत होते. त्या गर्दीत तो बाकाला धरून उठला आणि त्यानं डावा हात वर केला.

"महोदय, घंटी वाजाच्या आंदी एक नाव सांगतो."

आणि सांगितलं. सुजाता, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा, जसा मी वर्गाला इंग्रजी उतारा सांगायची. "होमगार्ड होती. पान्याच्या टँकरवर ड्युटी करता करता उन्हानं गेली. देशाची सीमा आता" आणि तेवढ्यात गोंधळ इतका वाढला की कामकाज तहकूब झालं. तो खाली बसला नाही. कॅमेरा दुसरीकडे वळेपर्यंत हात वर होता.

त्या सबंध दिवसाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे एवढंच छापलं आहे. सुजाताचं पूर्ण नाव, दोन वाक्यं, तिसरं अर्धं, आणि पुढे कंसात 'व्यवधान', म्हणजे हिंदीत अडथळा.

होळीच्या आधी तो गेला. ऊन अजून नीट तापलंही नव्हतं.

तेराव्याला मी गावी गेले. नोंदीचं ते पान झेरॉक्सच्या दुकानातून छापून नेलं होतं. त्याच्या अंगणात मोठमोठी माणसं येत होती आणि जात होती. बेबीताई मागच्या बाजूला रांजणापाशी बायांना पाणी देत होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं आणि पान हातात दिलं. त्यांनी बोट फिरवलं, लेकीच्या नावावर येऊन थांबल्या. तेवढं त्यांना वाचता येत होतं. पुढचं मी वाचून दाखवलं.

"देशाची सीमा आता, अन् पुढं?"

पुढचं मला पाठ होतं. मीच खोडलेलं. "टँकरच्या नळापाशी आली हाये," मी म्हणाले. आणि मग जे सांगायला आले होते ते सांगितलं. "बेबीताई, मागच्या खेपेला मी तुमच्याशी खोटं बोलले. त्या दिवशी नाव घेतलं नव्हतं."

त्यांनी पानाची नीट घडी घातली.

"माहीत हाये मले," त्या म्हणाल्या. "इंग्रजी नाई समजत बाई, पन लेकीचं नाव तं समजते न. मी कान लावूनच बसली होती."

"मग तेव्हा बोलल्या का नाहीत? माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

"काय बोलू? तुमी फोटूकडे पाहून बोलल्या, माह्याकडे नाई." त्यांनी घडी ब्लाऊजमध्ये ठेवली. "म्हन्लं, राहू द्या. लाजेपायी तरी करतीन हे दोघं काही ना काही."

यंदा त्या भागात टँकर मागच्या वर्षापेक्षा आधी आले. गेल्या आठवड्यात त्याच्या घरच्यांना भेटून परत येताना सुजाता जिथं कोसळली त्या मैदानापाशी रिक्षा थांबवली. टँकर उभा होता, हंड्यांची रांग होती, बंदोबस्ताला एक तरुण होमगार्ड होता. टँकरच्या नळासमोर बेबीताई तांब्या घेऊन उभ्या. आपलं गाव सोडून, मजुरी बुडवून, टँकरच्या दिवशी त्या इथं येतात असं रिक्षावाल्यानं सांगितलं.

"पे," बेबीताई त्या मुलाला म्हणत होत्या.

"लोकाइचं होऊ द्या आंदी, मावशी," तो रांगेकडे बघत म्हणाला.

"नाई. तू पेल्याशिवाय नळ उघडाचा नाई."

रांगेतल्या बाया हंडे खाली ठेवून थांबल्या. त्या मुलानं तांब्या घेतला, तोंड वळवून गटागटा प्यायला. बेबीताईंनी तांब्यात वाकून पाहिलं, थोडं उरलं होतं. "पुरं कर," म्हणाल्या. मग नळ उघडला.